डायनिंग टेबलावरचं शिवणयंत्र आणि बोलणारा खांदा

चिंधी | 8 जानेवारी, रात्री 10.52

दिवाळीत माळा आवरताना आईच्या जुन्या साड्या निघाल्या आणि गोधड्या शिवायचं खूळ डोक्यात शिरलं. पहिली बाळगोधडी, 36 बाय 45 इंच, मजेत झाली. दुसरी सिंगल बेडची, तिच्या वेळी उजवा खांदा बोलायला लागला. आता डबल बेडची घेतलीय, 90 बाय 108. अर्ध्या तासात मान आणि खांद्यांमधली पाठ इतकी भरून येते की उठून आडवं व्हावं लागतं.

घर पुण्यात, वन बीएचके. शिवणाची वेगळी खोली वगैरे विसरा. छोटं इलेक्ट्रिक मशीन डायनिंग टेबलावर, बसायला डायनिंगचीच खुर्ची. कापणं जमिनीवर, इस्त्री पलंगावर. ट्यूबलाइट पाठीमागे. जेवायच्या वेळी सगळं उचलायचं, जेवणं झाली की पुन्हा मांडायचं.

भारी खुर्ची घ्या असं मैत्रीण म्हणते. दहा-बारा हजार घालण्याआधी विचारते: खुर्चीनं खरंच फरक पडतो का? की गोधडीचंच वय गेलं माझं? (वय 47, उंची 5 फूट 1 इंच.)

बेरकी | 8 जानेवारी, रात्री 11.15

गोधडी दुकानात मिळते. खांदा मिळत नाही.

टेलरमास्तर_कराड | 9 जानेवारी, सकाळी 7.30

ताई, खुर्चीचं नंतर बघू. आधी टेप घ्या. रोज बसता तशा मशीनसमोर बसा, दंड अंगाजवळ सैल सोडा आणि कोपर काटकोनात वळवा. जमिनीपासून कोपर किती आणि जमिनीपासून सुईखालची प्लेट किती, हे दोन आकडे इथं लिहा. टेबलाची उंची नको, प्लेटची हवी. सगळी गंमत तिथंच आहे.

चिंधी | 9 जानेवारी, दुपारी 2.05

मास्तर, मोजलं. कोपर साडेसव्वीस इंच. टेबल 30 आणि त्यावर मशीनचा साडेतीन इंचाचा पाया, म्हणजे प्लेट साडेतेहतीसवर. सात इंच वर!! लेकानं फोटो काढला. दोन्ही खांदे कानाला लागलेत आणि मी शिवतेय. इतके दिवस मला वाटत होतं की मी ताठ बसते.

टेलरमास्तर_कराड | 9 जानेवारी, रात्री 9.40

हेच म्हणत होतो. पायमशीन आठवा. त्याचं टेबलही तीस इंचांच्या आसपासच असतं, पण मशीन टेबलाच्या खाचेत बसवलेलं असतं. प्लेट आणि फळी एका पातळीत. हात फळीवर टेकतो, कापडही फळीवर टेकतं. हल्लीचं छोटं मशीन टेबलावर नुसतं ठेवायचं असतं, म्हणजे टेबलावर आणखी एक पायरी चढली. हात अधांतरी आणि कापड त्या पायरीवरून खाली लोंबतंय.

प्लेट कोपराच्या बरोबरीला असावी, फार तर दोन बोटं वर. त्याहून खाली नेली तर मग वाकावं लागतं, मान जाते. मी एकतीस वर्षं मशीनवर आहे. पहिली सहा वर्षं उस्तादाच्या उंचीच्या स्टुलावर काढली. उस्ताद सहा फुटी होता. त्या सहा वर्षांचं दुखणं अजून थंडीत हजेरी लावतं.

मानेचा_मणका | 10 जानेवारी, सकाळी 8.12

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून लिहिते. मास्तरांशी पूर्ण सहमत. हात वर धरून ठेवायला मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू सतत आवळलेला राहतो. हालचाल करणारा स्नायू आवळतो-सुटतो, त्याला रक्त मिळत राहतं. नुसता धरून ठेवणारा सुटतच नाही, तो अर्ध्या तासात तक्रार करणारच. गोधडीचं वय वगैरे काही नाही, शेजारच्या विशीतल्या मुलीला त्या खुर्चीवर बसवलंत तर तिचंही दुखेल.

दोन गोष्टी मात्र टाळू नका. बोटांना मुंग्या येत असतील, पकड सैल होऊन वस्तू हातातून पडत असतील किंवा दुखण्यानं रात्री जाग येत असेल, तर फर्निचरवर चर्चा न करता आधी प्रत्यक्ष दाखवून या.

आणि चष्मा. 47 म्हणजे प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत) असणार. त्यातला जवळचा भाग काचेच्या तळाशी असतो, त्यामुळे सुई बघायला हनुवटी वर जाते आणि मान मागे मोडते. चष्मेवाल्याकडे जाण्याआधी डोळ्यापासून सुईपर्यंतचं अंतर मोजा (बहुतेकांचं 16 ते 20 इंच भरतं) आणि फक्त त्या अंतराचा साधा चष्मा करून घ्या. शिवणाच्या डब्यातच ठेवायचा.

चिंधी | 10 जानेवारी, सकाळी 10.30

मुंग्या नाहीत. चष्मा प्रोग्रेसिव्हच आहे. तुम्हाला कॅमेऱ्यात दिसते की काय मी!

द्राक्षवेल | 10 जानेवारी, दुपारी 4.18

सर्वात स्वस्त उपाय: खुर्ची उंच करा आणि पायाखाली काहीतरी घ्या. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर दुसरी खुर्ची घालून बसते, साधारण दीड-दोन इंच मिळतात. पायाखाली पाट. पॅडलही पाटावरच ठेवायचं, नाहीतर एक पाय पाटावर, एक खाली आणि कंबर तिरकी. पाटाखाली योगा मॅटचा तुकडा घाला, पॅडल दाबताना पाट सरकत नाही.

ऑफिसची चाकांची खुर्ची आणणार असाल तर चाकं काढून टाका. दर टिपेला आपण मागे आणि मशीन पुढे. हातही नकोत खुर्चीला, टेबलाला अडकतात आणि मग आपण लांब बसून पुढे वाकतो.

वाकळवाली | 10 जानेवारी, रात्री 8.50

एवढं सगळं वाचून हसू आलं. माझ्या आईनं जन्मभर जमिनीवर बसून वाकळा शिवल्या. टेबल नाही, खुर्ची नाही, टेप तर नाहीच. तिची मान कधी दुखली नाही.

बेरकी | 10 जानेवारी, रात्री 8.58

दुखली असेल. सांगितली नसेल.

वाकळवाली | 11 जानेवारी, सकाळी 6.40

बेरकी, तुमच्या एका ओळीवर रात्रभर विचार केला. खरं आहे. उतारवयात आईची बोटं सरळ होत नव्हती आणि आम्ही ते वयावर घातलं.

पण एक सांगते, ती एकटी नसायची. साताऱ्याकडे आमच्या गावात वाकळी उन्हाळ्यात घालायच्या, अंगणात. चौघी चार बाजूंना. जिच्या पुढ्यात जो काठ तो तिचा, मधोमध हात लांबवायची वेळच यायची नाही. कडेचा भाग झाला की तो मांडीवर घ्यायचा आणि पुढे सरकायचं. मध्येच एकीचं पोर रडायचं, एकीचं दूध उतू जायचं, सारख्या उठबशा. एकटीनं फ्लॅटमध्ये सलग तीन तास धावदोरा घालायचा म्हटलं तर आईचीही मान गेली असती.

मी आता हातानं शिवते ती अशी: पाठ भिंतीला, कमरेशी लोड, पुढ्यात चौरंग. वाकळीचा चालू भाग चौरंगावर, बाकीची बाजूला सतरंजीवर. चौरंगामुळे काम वर येतं, मला खाली जावं लागत नाही. एक पाय लांब, एक दुमडलेला, आणि सुईतला दोरा संपला की पाय बदलायचा. दोरा हातभरच घ्यायचा. लांब दोरा घेतला की प्रत्येक टाक्याला खांदा पूर्ण उघडतो, शिवाय गुंता होतो तो वेगळाच. आई म्हणायची, आळशाचा दोरा लांब.

आबोली | 11 जानेवारी, दुपारी 12.25

वाकळवाली, काठाकडून मध्याकडे यायची ही रीत आमच्याकडेही आहे. मी कारवारची. उत्तर कन्नडात यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायका जुन्या कपड्यांच्या कवंदी, म्हणजे गोधड्याच, शिवतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात, मग कडेकडेनं गोल गोल आत. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्याला फुला म्हणतात. फुलाशिवाय कवंदी म्हणजे उघडीबोडकी. बाई आपल्या जागी, कवंदी तिच्यापुढे फिरते.

हिमांक | 11 जानेवारी, रात्री 11.45

इथे अमेरिकेत, मिनेसोटात आमच्या गिल्डमधल्या (गोधडीवाल्यांच्या मंडळातल्या) बायका गोधडी फिरवत नाहीत, मशीन फिरवतात. लाँगआर्म म्हणतात त्याला. दहा-बारा फुटी चौकटीवर गोधडी ताणलेली असते आणि मशीन रुळांवरून चालतं. उभ्यानं काम, गोधडीचं वजन चौकटीवर. घरी कोण घेणार! वरचे तुकडे आपण जोडायचे आणि तिन्ही थर (वरचा, भराव, अस्तर) एकत्र शिवायला लाँगआर्मवाल्या बाईकडे द्यायचे.

साध्या मशीनवर 90 बाय 108 म्हणजे खरी झुंज वजनाशीच. छोट्या मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जेमतेम साडेसहा-सात इंच जागा असते. निम्मी गोधडी त्या बोळातून जाते आणि उरलेली टेबलावरून खाली लोंबत मागे ओढते. ती ओढ तुमचा खांदा सोसतोय. चिंधी, तुमच्या मशीनच्या डावीकडे आणि मागे काय आहे?

चिंधी | 12 जानेवारी, सकाळी 9.10

डावीकडे काही नाही, मागे भिंत. गोधडी भिंत आणि टेबलाच्या फटीत पडते. मग मी ओढते.

हिमांक | 12 जानेवारी, रात्री 10.20

मग टेबल भिंतीपासून काढू नका, उलट चिकटवा. फट बंद झाली की कापड खाली पडणार नाही, भिंतीशी साचेल. डावीकडे इस्त्रीचं घडीचं टेबल त्याच उंचीला उघडून ठेवा. गोधडीची घट्ट गुंडाळी करू नका. गुंडाळी वळत नाही, ओंडका होतो. ढिगासारखी पसरू द्या, थोडी छातीवर टेकवा आणि सुईसमोरचा वीतभर भाग तेवढा मोकळा ठेवा. तेवढीच जागा एका वेळी शिवायची आहे.

रबरी ठिपक्यांचे बागकामाचे हातमोजे घाला. उघड्या हातांनी कापड सरकवायला तळव्यानं दाबावं लागतं, मोज्यांनी नुसतं टेकवलं तरी सरकतं. मला सर्वात जास्त आराम कशानं पडला असेल तर या मोज्यांनी.

पुढची गोधडी तुकड्यातुकड्यांनी करा. एकेक चौकोन अस्तर-भरावासकट आधीच शिवून घ्यायचा आणि नंतर चौकोन जोडायचे. मोठं ओझं मशीनखाली फक्त जोडताना येतं.

कोकणी_फणस | 12 जानेवारी, रात्री 11.02

पंख्याबद्दल कोणीच बोललं नाही. तुकडे मांडले की पंखा, पंखा बंद केला की घाम. रत्नागिरीत मे महिन्यात काय करतात?

द्राक्षवेल | 13 जानेवारी, सकाळी 7.15

टेबलफॅन जमिनीवर ठेवायचा, तोंड पोटऱ्यांकडे. तुकडे जागेवर आणि आपण गार.

चिंधी | 2 फेब्रुवारी, रात्री 9.30

तीन आठवड्यांचा अहवाल. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी द्राक्षवेलचा उपाय करून पाहिला. खुर्चीवर दोन उशा, पायाखाली पाट. कोपर दोन इंच वर आलं, पण उशा बसतात आणि तासाभरात पुन्हा खाली. शिवाय सात इंचांतले पाच उरलेच. मग धीर करून सुताराला बोलावलं. घरात जुन्या अभ्यासाच्या टेबलाची फळी होती. म्हटलं, पायमशीनसारखी खाच कापून मशीन आत बुडवू.

पहिला प्रयत्न फसला आणि चूक पूर्णपणे माझी. मशीनची प्लेट बरोबर कोपराएवढी हवी असा हट्ट धरला. सुतार म्हणाला, "मॅडम, खाली पाय कुठं जातील?" मी म्हटलं, जातील. नाही गेले. मशीनखालची फळी मांड्यांवर टेकली, आणि मशीन चालू केलं तर सगळा थरथराट गुडघ्यांपर्यंत.

मग बसल्या जागी मांडीची जाडीही मोजली: पाच इंच. नवा हिशेब असा. खुर्ची साडेअठरा, पायाखाली तीन इंचांचा पाट. कोपर आलं 27 वर. मांडीचा वरचा भाग साडेतेवीसवर. टेबलाची फळी साडेअठ्ठावीसवर, खाचेखाली मशीन ठेवायची फळी 25 वर आणि ती अर्ध्या इंचाच्या प्लायची, म्हणजे तिची खालची बाजू साडेचोवीस. मांडी आणि फळीत एक इंच मोकळा. प्लेट कोपराच्या दीड इंच वर, मास्तरांची दोन बोटं! जागा बघून सुतारानं खाच चार सूत (अर्धा इंच) सैल ठेवली, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) बदलायला मशीन उचलावं लागत नाही. मजुरी 1200 रुपये. खुर्चीचे दहा हजार वाचले. साधी बिनहाताची, पक्क्या पायांची खुर्ची मिळाली जुन्या बाजारात 600 ला.

खांदा? पहिल्या दिवशी काहीच फरक नाही, खूप हिरमुसले. आठवड्यानं लक्षात आलं की सव्वा तास झाला आणि मी उठलेच नव्हते.

मानेचा_मणका | 2 फेब्रुवारी, रात्री 10.05

अहवालातलं शेवटचं वाक्य वाचून कपाळाला हात लावला. सव्वा तास नाही! दुखत नाही म्हणून बसून राहायचं, हीच पुढच्या दुखण्याची पेरणी. अर्ध्या तासानं उठायचंच. बॉबिन अर्धीच भरत जा. ती संपली की उभं राहायचं, खांदे मागे फिरवायचे, खिडकीबाहेर लांब कुठेतरी बघायचं, पाणी प्यायचं.

बेरकी | 2 फेब्रुवारी, रात्री 10.11

म्हणजे वाकळवालीबाईंचं दूध उतू जाणं. आता त्याला पैसे देऊन सल्ला म्हणतात.

मानेचा_मणका | 2 फेब्रुवारी, रात्री 10.14

पैसे कुठे दिले कोणी? 😄

चिंधी | 3 फेब्रुवारी, सकाळी 11.20

कबूल, अर्धी बॉबिन. आता कापण्याचं काय? जमिनीवर कापते, गुडघे आणि कंबर दोन्ही बोंबलतात.

टेलरमास्तर_कराड | 3 फेब्रुवारी, रात्री 9.15

कापणं उभ्यानंच. शिवायचं टेबल आणि कापायचं टेबल एका उंचीचं कधी नसतं. आमच्या दुकानात कापायचं टेबल कमरेएवढं आहे. घरी तुमच्याकडे ते आधीपासून आहे, स्वयंपाकाचा ओटा. बत्तीस-चौतीस इंच असतो, तुमच्या उंचीला झकास. कोरडा पुसून वर कटिंग मॅट टाका.

कात्रीचं खालचं पातं टेबलावरून उचलायचं नाही. कात्री हवेत धरून कापली की सगळा भार अंगठ्यावर येतो. कापड हलवायचं नाही, आपण त्याच्याभोवती फिरायचं. आणि धार. बोथट कात्रीनं कापणं म्हणजे दगडानं भाकरी थापणं. कापडाच्या कात्रीनं कागद कापणाऱ्याला माझ्या दुकानात चहा मिळत नाही.

हिमांक | 3 फेब्रुवारी, रात्री 11.30

ओट्याला +1. रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचा) वापरणार असाल तर 45 मिमीचा घ्या, पट्टीच्या बाजूनं आणि अंगापासून लांब ढकला, आणि प्रत्येक कापानंतर पातं झाका. हात न टेकवता नुसत्या मनगटानं रेटू नका, उभं राहून खांद्यातून वजन द्या. जोर लावावा लागत असेल तर पातं बदलायची वेळ झालीय.

कोकणी_फणस | 4 फेब्रुवारी, सकाळी 8.00

ओटा रिकामा कधी असतो हो? कोणत्या घरात?

चिंधी | 4 फेब्रुवारी, सकाळी 8.20

दुपारी दोन ते चार. जगातला एकमेव रिकामा ओटा. 😄

उजेडाचं सांगायचं राहिलं. ट्यूब मागे होती म्हणून माझी सावली सुईवरच पडायची आणि मी बघायला आणखी वाकायचे. आता डावीकडे, थोडा पुढे, मान वळणारा एलईडी दिवा लावलाय. पांढऱ्या उजेडात काळ्या कापडावरचा काळा टाकाही दिसतो. इस्त्री मुद्दाम पलीकडच्या भिंतीशी ठेवलीय, चार पावलं चालावंच लागतं. तिचा प्लगही वेगळा. मशीन, दिवा आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डावर होते ते लेकानं पाहिलं आणि मला शाळेतल्या पोरीसारखं झापलं.

वाकळवाली | 4 फेब्रुवारी, सकाळी 9.45

सगळं छान. पण एक विचारू का, रागावू नका. पाटावर पाय ठेवता?

चिंधी | 4 फेब्रुवारी, सकाळी 10.02

न्हाणीतला जुना पाट आहे हो, जेवायचा नाही. पण सासूबाईंनीही हेच विचारलं, अगदी याच सुरात. काल संध्याकाळी सुतार उरलेल्या प्लायचा ठोकळा करून देऊन गेला, वर रबर चिकटवून. तो भरला पावणेतीन इंच, त्यामुळे आज पुन्हा टेप काढलाय.

टेलरमास्तर_कराड | 4 फेब्रुवारी, दुपारी 1.30

पाव इंच चालतंय. शिवा आता.